लाईटबिलाची वही

आम्ही पुण्याहून बोलतोय. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतला आमचा बचत गट, बारा जणींचा. कुणी धुणीभांडी करतं, कुणी पोळीभाजीचे डबे देतं, दोघी शिवणकाम करतात. मूळच्या आम्ही तुमच्यासारख्याच गावाकडच्या. कुणी वेल्ह्याची, कुणी माणची, कुणी मंगळवेढ्याची, दोघी बीडकडच्या. म्हणून आम्ही जे सांगणार आहोत ते शहरातलं म्हणून सोडून देऊ नका. महावितरणचा घरगुती युनिटचा दर तुमच्या वाडीत आणि आमच्या वस्तीत एकच आहे. शिवाय तुमच्यातल्या कित्येकींची मुलं, जावई, भाऊ पुण्यात खोली करून राहत असतील. त्यांच्यासाठीही यात एक गोष्ट आहे. ती पुढे येईल.

झालं काय, ते सांगतो. २०२४च्या जूनमध्ये गटाची मासिक बैठक होती. आमच्या कर्जाच्या वहीत एक रकाना असतो, ‘कर्जाचं कारण’. त्यात नेहमीची कारणं असतात. दवाखाना, शाळेची फी, पत्रा बदलणं, लग्नाचा आहेर. त्या दिवशी हिशेब वाचताना लक्षात आलं, की उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत तीन जणींच्या नावापुढे एकच शब्द होता, ‘लाईटबिल’. शेकडा दोन रुपये व्याजाने पैसे उचलून आम्ही विजेचं बिल भरत होतो. आणि बैठकीत विचारलं, की बाई, युनिट किती पडले? तर एकीलाही सांगता येईना. दुधाचे, किराण्याचे, रेशनचे भाव तोंडपाठ. गटाचं व्याज पैशापर्यंत तोंडपाठ. आणि महिन्याला नऊशे-हजार रुपये ज्या कागदावर जातात, तो कागद आम्ही फक्त रक्कम बघून घडी घालून देवाच्या फळीवर ठेवत होतो.

तिघींपैकी एक शिवणवाल्या वहिनी. त्यांचं बिल एका महिन्यात नऊशेवरून साडेतेवीसशेवर गेलं होतं. घरात रण माजलं. मालक म्हणाले, हे तुझ्या मशीनचं बिल. सासूबाई म्हणाल्या, रात्री अकरापर्यंत मोटर घुरघुरत असते, येणारच बिल. वहिनी महिन्याला चार-साडेचार हजार कमावतात त्या मशीनवर. मुलीचा क्लास त्यातून चालतो. पण बिल हातात आलं तसं ठरलंच, की मशीनची मोटर काढून टाकायची. पायाने चालव नाहीतर बंद कर. वहिनी बैठकीत हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज साधाच होता, पण हातातली पिशवी त्या सारख्या दुमडत होत्या. आम्ही म्हटलं, मोटर काढू नका. आधी बघू या.

बघायचं कसं, हा प्रश्न होता. आमच्यातल्या एकीचा मुलगा आयटीआयला वायरमनचा कोर्स करतोय. त्याने जे शिकवलं ते आता तुम्हाला सांगतो. कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

आपल्या घरच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. वीज चालू असली की तो लुकलुकतो. मीटरवरच बारीक अक्षरात एक आकडा छापलेला असतो, बहुतेक ठिकाणी ३२००. त्याचा अर्थ, तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडलं. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर तो धरा. आता घरातलं सगळं बंद करायचं. पंखे, दिवे, टीव्ही, फ्रिज, मोबाईलचे चार्जर, सगळं. नुसतं रिमोटने नाही, बटणं पाडायची. मग स्टूल घेऊन मीटरसमोर उभं राहायचं. दिवा स्थिर राहिला तर ठीक. सगळं बंद असूनही लुकलुकत राहिला, तर वीज कुठेतरी जाते आहे. कदाचित वायर ओलसर भिंतीत झिरपत असेल, कदाचित तुमच्या मीटरवरून दुसऱ्या कुणाची तार गेली असेल. अशा वेळी स्वतः वायरींना हात लावू नका, वायरमनला बोलवा. भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्याच दिवशी बोलवा.

सगळं बंद असताना दिवा थांबला, की एकेक वस्तू चालू करायची आणि एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. ३२००च्या मीटरवर त्या संख्येला साधारण एकोणीसने गुणलं, की ती वस्तू किती वॅटची ते कळतं. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. बस्स, एवढंच गणित आहे.

वहिनींच्या घरी आम्ही पाच जणी गेलो. सासूबाई बाजेवर बसून बघत होत्या. मालक दारात. पहिली चालू केली शिवणाची मोटर. मिनिटाला पाच वेळा. म्हणजे शंभर वॅटच्या आतबाहेर. दिवसाचे चार तास धरले तरी महिन्याला बारा युनिट. मग इस्त्री. ती तापताना दिवा भराभर लुकलुकतो, मिनिटाला पन्नासच्या वर, पण तापली की आपोआप थांबते. शिवलेल्या कपड्यांना दिवसाकाठी लागते तेवढी धरून आणखी दहा-बारा युनिट. म्हणजे वहिनींच्या धंद्याचे सगळे मिळून पंचवीस युनिटही नाहीत. आणि बिल वाढलं होतं एकशेदहा युनिटने. मागचं १०५ युनिटचं, आताचं २१५चं.

मग फ्रिज लावला. मिनिटाला आठ वेळा लुकलुकला. म्हणजे दीडशे वॅट. आम्हाला वाटलं, हे काही फार नाही, मोटरीपेक्षा थोडंसंच जास्त. तो आयटीआयवाला पोरगा म्हणाला, थांबा, फ्रिजची मोटर चालू-बंद होत असते, ती बंद कधी होते ते बघा. आम्ही बसलो. चहा झाला. सासूबाईंनी गावच्या दोन गोष्टी सांगितल्या. तासभर झाला तरी फ्रिज थांबेना. दीडशे वॅट गुणिले चोवीस तास म्हणजे दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८. हिशेब तिथेच जुळला.

हा फ्रिज एप्रिलमध्ये धाकट्या दिरांनी जुन्या बाजारातून आणून दिला होता. उन्हाळा आहे, आईला गार पाणी मिळेल म्हणून. प्रेमाने दिलेली वस्तू, तिच्यावर कुणाचा संशय जाईना. वर्षानुवर्षं घरात असलेल्या मशीनवर मात्र लगेच गेला, कारण ती सुनेची होती. हे आम्ही त्या दिवशी तोंडावर बोललो नाही. आज रेडिओवर बोलतोय, कारण तुमच्या घरातही बिल वाढल्यावर पहिलं बोट कुणाकडे जातं ते तुम्हाला माहीत आहे.

फ्रिजच्या दारात कागदाची चिठ्ठी धरून दार लावलं, ती सहज ओढून निघाली. म्हणजे दाराचं रबर गेलेलं, गारवा बाहेर आणि गरमी आत. मागची जाळी धुळीने भरलेली, आणि फ्रिज गॅसच्या ओट्याला चिकटून उभा. रबर बदललं, जाळी साफ केली, भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. थोडा फरक पडला, पण मिस्त्री म्हणाला आतला गॅसही गळतोय. तेव्हा घरात ठरलं की तो काढायचा. माठ आणला. दिरांना वाईट वाटलं, पण त्यांना मीटरपाशी नेऊन दाखवलं. जुनी वस्तू फुकट मिळाली तरी दोनदा विचार करा, असं आम्ही तेव्हापासून म्हणतो. फ्रिज घ्यायचाच तर त्यावर तारे असलेलं लेबल असतं, आणि त्यावर वर्षाला किती युनिट जातात तो आकडा छापलेला असतो. ताऱ्यांपेक्षा तो आकडा वाचा.

आता कुणी म्हणेल, दुप्पट युनिट पडले तर बिल अडीचपटीच्या वर कसं गेलं? नऊशेचे अठराशे व्हायला हवे होते. तर याचं उत्तर बिलाच्या पायऱ्यांत आहे, आणि आम्हाला विचाराल तर सगळ्या बोलण्यात हीच गोष्ट महत्त्वाची.

घरगुती विजेचा दर पायरी-पायरीने चढतो. पहिली पायरी १ ते १०० युनिट, दुसरी १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. २०२४-२५ सालच्या दरात पहिल्या शंभर युनिटांना ४ रुपये ७१ पैसे होते आणि पुढच्या पायरीला १० रुपये २९ पैसे. शिवाय दोन्हीवर वहन आकार, म्हणजे वीज तारांतून आणण्याचे, १ रुपया १७ पैसे. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार वेगळा, तो एकही युनिट वापरलं नाही तरी पडतो. कधी इंधन समायोजन म्हणून आणखी काही. हे आकडे बदलत असतात, तुमच्या बिलावर या महिन्याचे आकडे असतील ते धरा. पण चढण अशीच असते.

आता बघा. शुल्क धरून पहिल्या शंभरातलं एक युनिट पडलं पावणेसात रुपयांच्या थोडं वर. शंभरच्या पुढचं एक युनिट सव्वातेरा रुपयांच्या पुढे. घर तेच, बल्ब तोच, पण एकशेएकावं युनिट जवळजवळ दुप्पट महाग. ज्या घरात १३० युनिट पडतात तिथे वरचे तीस वाचवले तर जवळपास चारशे रुपये वाचतात. ज्या घरात सत्तर पडतात तिथे तीस वाचवले तर दोनशे. म्हणून कुणी तुम्हाला सांगितलं की अमुक वस्तू घ्या, महिन्याला इतके रुपये वाचतील, तर आधी विचारा, कुठल्या पायरीवरच्या घरात?

पंख्याचंच घ्या. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास असतो. हल्ली बीएलडीसी म्हणून पंखे मिळतात, ते ३० वॅटच्या आसपास चालतात. दिवसाला बारा तास धरले तर महिन्याला सोळा युनिटांचा फरक. शंभरच्या वर वापर असेल तर दोनशे रुपये वाचले, दीड वर्षाच्या आत पंख्याचे पैसे फिटले. शंभरच्या आत असेल तर शंभर-एकशेदहा वाचले. त्यालाही हरकत नाही, पण मग पंख्यासाठी कर्ज उचलू नका, जुना बिघडेपर्यंत थांबा. आमच्या गटाने पहिला बीएलडीसी पंखा घेतला तो डबेवाल्या आत्यांच्या घरी, कारण त्यांच्याकडे तो सोळा-सोळा तास फिरतो.

वहिनींचा हिशेब निघाल्यापासून आम्ही वही घातली. साधी शंभर पानी. दर रविवारी प्रत्येकीने आपल्या मीटरचा आकडा वाचायचा आणि बैठकीत लिहायचा. तारीख, आकडा, आठवड्याचे युनिट. आठवड्याला तेवीसच्या आत राहिलं की महिना शंभरात बसतो. तिसऱ्या आठवड्यात आकडा पळायला लागला की कळतं, बिल येईपर्यंत थांबावं लागत नाही. दुसरा उपयोग असा, की बिलावर मागचं रीडिंग आणि चालू रीडिंग छापलेलं असतं, ते वहीशी ताडून बघता येतं. रीडिंग मिळालं नाही की सरासरीने बिल येतं. असं झालं तर मीटरचा तारखेसह फोटो आणि आपली वही घेऊन तक्रार करता येते. १९१२ हा नंबर त्यासाठी आहे. आणि एक लक्षात ठेवा, थकबाकीसाठी वीज तोडायची असेल तरी कायद्याने आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. २००३च्या वीज कायद्याचं ५६वं कलम. नोटीस हातात पडली की घाबरून सावकाराकडे पळायचं नाही, पंधरा दिवस आहेत.

वाचता येत नाही अशा दोघी आमच्यात आहेत. त्या मीटरवरचे आकडे जसे दिसतात तसे काढून आणतात, चित्रासारखे. त्यांच्या नोंदी आजवर एकदाही चुकलेल्या नाहीत. शिकलेल्यांच्या चुकल्या आहेत.

आता ती खोल्यांची गोष्ट. पुण्यात भाड्याने राहणाऱ्यांचं मोठं दुखणं हे. एका मालकाच्या घरात पाच खोल्या, मीटर एकच. प्रत्येक खोलीला छोटं सबमीटर, आणि मालक युनिटमागे अकरा-बारा रुपये घेतो. आमच्यातल्या दोघी अशा राहतात. त्यांना वाटायचं मालक लुटतो. आम्ही हिशेब मांडला. पाच खोल्यांचे साठ-साठ युनिट, एकूण तीनशे. पहिले शंभरच स्वस्त, पुढचे दोनशे महाग. सगळं मिळून सरासरी पडते अकरा रुपयांच्या थोडी वर. म्हणजे मालकाच्या पदरात फारसं काही पडत नव्हतं. पाच गरीब घरं एका मीटरखाली आली की ती मोठ्या घरासारखी दिसतात, आणि मोठ्या घराचा दर भरतात. प्रत्येक खोलीला स्वतःचं मीटर असतं तर साठच्या साठ युनिट स्वस्त पायरीवर बसले असते.

मग वेगळं मीटर घ्यावं का? वीज कायद्याच्या ४३व्या कलमात जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, दोघांपैकी कुणीही जोडणी मागू शकतो असं आहे. कागदपत्रं लागतात, भाडेकरार लागतो, मालकाशी गोडीगुलाबीने बोलावं लागतं. आमच्या एका मैत्रिणीने ते केलं. साठ युनिटांना स्थिर आकार स्वतःचा भरूनही तिचे महिन्याला सव्वाशेच्या आसपास रुपये वाचतात. पण दुसरी मैत्रीण एकटी राहते, तीसच युनिट वापरते. तिचा हिशेब केला तर वेगळं मीटर तोट्याचं निघालं. स्थिर आकारच इतका बसतो, की वाचण्याऐवजी थोडे पैसे जास्तच जातील. तिला आम्ही सांगितलं, आहे तशीच राहा. आणि हो, एकाच कुटुंबाने, एकाच चुलीवर जेवणाऱ्यांनी, पायरी चुकवायला दोन मीटर घेणं नियमात बसत नाही. गावाकडे भाऊ-भाऊ वेगळे झालेत, चुली वेगळ्या, पण मीटर अजून वडिलांच्या नावावर एकच, अशी घरं पुष्कळ आहेत. त्यांनी हा हिशेब जरूर मांडावा.

घरातल्या घरात शिवणकाम, घरघंटी, मसाला असं काही करणाऱ्या बायकांना एक धास्ती असते, की मीटर धंद्याचं करतील. महिन्याला ३०० आणि वर्षाला ३६०० युनिटांच्या आत वापर असेल, तर घरातल्या छोट्या उद्योगालाही घरगुतीच दर लागतो. हे वहिनींच्या मालकांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

उन्हाळ्याचं झालं, आता थंडीचं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाणी हातात धरवत नाही. आंघोळीच्या एका बादलीला, वीस लिटर गार पाणी चांगलं कढत करायला, साधारण ०.६ युनिट लागतं. रॉडने तापवा नाहीतर गिझरने, पाण्याला तेवढी वीज लागणारच. पाच माणसांच्या पाच बादल्या म्हणजे दिवसाला तीन युनिट, महिन्याला नव्वद. एका आंघोळीपायी अख्खी स्वस्त पायरी संपते. शंभरच्या पुढे गेलेल्या घरात एक बादली आठ रुपयांना पडते. गॅसची टाकी साडेआठशेला धरली, तर झाकण ठेवून गॅसवर तापवलेली तीच बादली पाच रुपयांच्या आतबाहेर जाते. आम्ही वर्षानुवर्षं गॅस वाचवायला रॉड लावत होतो.

पूर्वी पुण्याच्या वाड्यांत तांब्याचा बंब असायचा, पालापाचोळा आणि काटक्यांवर पाणी तापायचं. आता वस्तीत धूर करायला जागा नाही. आम्ही काय केलं, तर पत्र्यावर काळ्या रंगाचे डबे भरून ठेवतो. थंडीत पुण्याचं आभाळ निरभ्र असतं, दुपारी तीनपर्यंत पाणी कोमट होतं. पोरांच्या आंघोळी शाळेतून आल्यावर. पहिल्या आठवड्यात पोरांनी खूप कुरकुर केली. म्हाताऱ्या माणसांना मात्र सकाळचंच पाणी लागतं, त्यांच्याशी वाद घालायचा नाही. रॉड वापरत असाल तर एवढं पाळा, की बटण बंद करून, पिन काढूनच पाण्यात हात घालायचा. चार रुपयांच्या हिशेबात जीव जायला नको. ज्यांचं स्वतःचं घर पुणे महापालिकेच्या हद्दीत आहे, त्यांनी सौर बंब, गांडूळखत किंवा पावसाचं पाणी साठवण्याची सोय केली तर मिळकतकरात सवलत आहे, एकाला पाच टक्के, दोन किंवा जास्त केले तर दहा. आमच्यात स्वतःचं छत असलेल्या दोघीच. तुमच्यापैकी ज्यांचं घर आणि छत स्वतःचं आहे त्यांना पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्तला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतं. पण वही घालण्याआधी त्या कागदांवर सही करू नका. आपल्याला किती लागते हेच माहीत नसेल तर किती बसवायचं ते विकणारा ठरवेल.

गॅसचं थोडक्यात सांगतो. डाळ, कडधान्यं भिजवून लावायची, कुकरची शिट्टी झाली की आच बारीक करायची, हे तुम्हाला आम्ही काय सांगणार. एक गोष्ट मात्र तुमच्या शेताशी जोडलेली आहे. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली ‘आरती’ नावाची संस्था सुरू केली. शेतात जाळून टाकतात त्या उसाच्या पाचटाचा कोळसा करायची भट्टी या लोकांनी काढली, तिला २००२ साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांचाच ‘सराई’ नावाचा वाफेचा कुकर आहे, शंभर ग्रॅम कोळशाच्या गोळ्यांत चार-पाच माणसांचा वरण, भात, भाजी होते. पोळी-भाकरी त्यात नाही, ती तव्यावरच. आणि कोळसा बंद खोलीत कधीही पेटवायचा नाही, अंगणात किंवा उघड्या पडवीत. आमच्याकडे अंगणच नाही, म्हणून हा कुकर आमच्या कामाचा नाही. तुमच्याकडे पाचटही आहे आणि अंगणही.

बिलातले लहान फायदे आम्ही आधी सोडून द्यायचो. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर एक टक्का सूट आहे, ती तारीख बिलावर छापलेली असते. कागदी बिल नको, ईमेलवर द्या असं कळवलं तर बिलामागे दहा रुपये कमी. बारा जणींचे वर्षाचे चौदाशे चाळीस होतात. ईमेल आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. मुलांनी काढून दिला, पण आता बिल मुलाच्या मोबाईलवर येतं आणि तो सांगायला विसरतो, हाही अनुभव आहे. म्हणून चौघींनी परत कागद सुरू केला. त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही.

आणि हे दर ठरवतं कोण, असं आमच्यातल्या एकीने विचारलं होतं. राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो, आणि ठरवण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकावं लागतं. जाहीर सुनावणी होते, पुण्यातही होते. पुण्याची ‘प्रयास’ ही संस्था कित्येक वर्षं तिथे ग्राहकांच्या बाजूने आकडे मांडते आहे. सुनावणीची जाहिरात पेपरात येते. आम्ही अजून गेलेलो नाही. वही एक वर्षाची झाली की जायचं आहे, बारा घरांचे बावन्न रविवारांचे आकडे घेऊन.

वहिनींचं पुढचं बिल एकशेआठ युनिटांचं आलं. कर्ज त्यांनी तीन हप्त्यांत फेडलं. मशीनची मोटर जागेवर आहे. सासूबाई आता मीटरखाली खुर्ची टाकून संध्याकाळी बसतात, आणि घरात काहीही चालू केलं की तिथून ओरडून विचारतात, कोणी काय लावलं, बावन्न आले! परवा त्यांनी दिरांना फोन करून सांगितलं, की तुझ्याकडच्या फ्रिजच्या दारात चिठ्ठी घालून बघ.